जुने खेळ, नवे पडदे – भाग ५ : बदक पडत का नाही?

कॅसेटच्या पोटात काय असतं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज कॅसेटपासून पडद्यापर्यंतची वाट धरू, कारण जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडणाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा याच वाटेवर होते.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ताईला आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, तीन कॅसेट आणि नारिंगी बंदूक. भाच्याने तो हॉलमधल्या मोठ्या एलईडी टीव्हीला जोडला. पिवळी वायर पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात. मारिओ आला, उड्या मारू लागला, आम्ही दोघंही हरखलो. मग त्याने बदकांचा खेळ लावला. नळी पडद्याला टेकवून घोडा ओढला तरी एकही बदक पडेना. "मामा, बंदूक बिघडलीय," तो म्हणाला. बंदूक ठणठणीत होती.

त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. ती बंदूक म्हणजे खरं तर एक डोळा आहे. घोडा ओढताच खेळ सबंध पडदा क्षणभर काळा करतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. दोन बदकं असतील तर एकापाठोपाठ एक दोन चौकोन. नळीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, की नेम लागला. आधीच्या अंधाराची अट नसती, तर बल्बकडे नळी धरूनही बदकं पडली असती. हा खेळ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने याहीपुढची काळजी घेतली होती. बंदुकीतलं सर्किट नुसत्या उजेडावर समाधान मानत नाही. सेकंदाला साधारण १५,००० वेळा लुकलुकणारा उजेडच ते ओळखतं.

हा आकडा आला पिक्चर ट्यूबमधून. डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर एकेक ओळ काढत वरून खाली येतो. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला १५,६२५ ओळी होतात, अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत १५,७३४. झोत गेला की ती जागा उजळते आणि लगेच मंदावते. बंदूक शोधते ती ही थरथर. एलईडी टीव्हीचा पडदा मागून सतत उजळलेला असतो, त्यात ही थरथर नाहीच. शिवाय नवा टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःकडे साठवतो, मोठं करतो, मग दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर उमटेपर्यंत खेळाने 'नेम चुकला' असा निकाल देऊन टाकलेला असतो.

म्हणून मी म्हणतो, टीव्ही हा त्या यंत्राचा निम्मा भाग होता. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा व्हिडिओ गेम आला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी पिक्चर ट्यूबची प्रत्येक खोड हिशेबात धरली होती.

त्यातली सगळ्यात सुंदर युक्ती ओळींची आहे. दूरदर्शनचं एक पूर्ण चित्र ६२५ ओळींचं, पण ते एका दमात येत नसे. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. एका फेरीत तीनशे साडेबारा ओळी. त्या शेवटच्या अर्ध्या ओळीमुळेच झोत पुढच्या फेरीत मधल्या रिकाम्या जागी उतरतो. बातम्यांना हे चालतं, पण खेळातली बारीक चित्रं अशाने थरथरतात. मग गेमच्या चिपने ती अर्धी ओळ गाळलीच. पॅलमध्ये ३१२, एनटीएससीत २६२. आता प्रत्येक फेरी आधीच्याच ओळींवर पडते, मधल्या जागा काळ्या राहतात आणि चित्र स्थिर होतं. जुन्या टीव्हीजवळ बसलं की दिसणाऱ्या त्या बारीक काळ्या रेघा आठवतात ना? त्या याच. शौकीन या संकेताला '२४०-पी' म्हणतात.

कुठल्याही प्रक्षेपणाच्या नियमात न बसणारा हा संकेत डबा टीव्ही मुकाट्याने दाखवायचा, कारण तो ओळी मोजतच नव्हता. नवा टीव्ही मोजतो आणि तिथेच फसतो. ही अर्धी-अर्धी चित्रं आहेत असं समजून तो लागोपाठची दोन चित्रं एकात विणतो. पळणाऱ्या मारिओच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. मार खाल्ल्यावर मारिओ लुकलुकतो, म्हणजे एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. विणकामात तो कधी पट्ट्यापट्ट्यांचा होतो, कधी गायबच.

मग सगळ्यात स्वच्छ केबल घ्यावी का? दर वेळी नाही, असं माझं मत आहे. १९९१च्या 'सॉनिक द हेजहॉग'मधला धबधबा उभ्या रेघांच्या जाळीने काढला आहे. पिवळ्या वायरीतून जाताना रंग एकमेकांत मिसळतात आणि पाणी पारदर्शक भासतं. तोच खेळ अशा स्वच्छ आरजीबी केबलने पाहिला तर धबधब्याच्या जागी गज दिसतात. रेषा सुबक, पण पाणी गेलं.

अमेरिकेतल्या काकांनी आणलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याचा अ‍ॅडॅप्टर १२० व्होल्टचा, आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. त्यातून वाचलात, तरी जुन्या भारतीय टीव्हीवर चित्र कृष्णधवल आणि वर-खाली फिरणारं. अँटेनाच्या वायरीने जोडलं तर आवाजही नाही, कारण तिकडे आवाज चित्राच्या लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपल्याकडे ५.५वर. इथे मात्र नवा टीव्ही सरस. आजचे बहुतेक संच पिवळ्या वायरीतून पॅल आणि एनटीएससी दोन्ही ओळखतात.

पॅल देशांसाठी तैवानी चिपवर बनलेल्या नकली यंत्रांचं मला कौतुक वाटतं. निन्टेन्डोच्या स्वतःच्या पॅल यंत्रात प्रोसेसर थोडा मंद होता. नकलाकारांनी त्याचा वेग जवळजवळ जपानी यंत्राइतकाच ठेवला आणि वाढीव ओळी चित्र संपल्यानंतर रिकाम्या सोडल्या. त्यामुळे जपानी कॅसेट त्यात बिनतक्रार चालत. चित्रं मात्र सेकंदाला ६०ऐवजी ५०च, म्हणून तिथला मारिओ जपानी मारिओपेक्षा सावकाश धावायचा.

आता उपाय. बाजारात मिळणारी स्वस्त एचडीएमआय डबी टीव्हीचीच चूक आधी करून ठेवते, तिच्यावर पैसे घालू नका. 'रेट्रोटिंक'सारखे स्केलर २४०-पी ओळखतात, प्रत्येक ओळ दुप्पट करतात आणि चित्र जवळजवळ न थांबवता पुढे पाठवतात. 'ओएसएससी' हा फिनलंडमध्ये घडलेला स्केलरही उत्तम, पण तो पिवळी वायर घेत नाही. आपली बहुतेक जुनी यंत्रं तीच देतात, तेव्हा खरेदीआधी हे तपासा. यातलं काहीच घ्यायचं नसेल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा आणि चित्र ४:३वर आणा, नाहीतर मारिओ आडवा सुटतो.

बंदूक मात्र यातल्या कशानेच चालणार नाही. तिला पिक्चर ट्यूबच लागते. घरात चालू डबा टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका, आणि त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबला २०,००० व्होल्टहून जास्त दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो आत टिकून राहू शकतो. आमच्याकडे ताईच्या सासरी १४ इंची संच अजून आहे. भाच्याने तो पुसून ठेवायला सांगितलं आहे.

पुढच्या आठवड्यात : रिमोटच्या आठ बटणांचा निरोप एकाच तारेतून कसा जातो?