आधी पन्हळ, मग फळ्या
स्क्वॉश कोर्टाच्या दुरुस्तीबाबत खोपोलीहून आणलेली शिदोरी



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत एक प्रश्न आला होता, तो आपणांस आठवत असेल. तालुक्याच्या क्रीडा संकुलातील स्क्वॉशच्या दोन कोर्टांच्या दुरुस्तीस कारखान्याच्या निधीतून मदत द्यावी की नाही, असा तो प्रश्न होता. तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "स्क्वॉश म्हंजे ते बाटलीतलं सरबत न्हवं का?" सभा पोट धरून हसली, आणि विषय पुढील सभेवर ढकलला गेला. हसलो आम्हीही. पण हा निधी तुमच्या-आमच्या ऊसबिलातून कपात झालेला आहे. तो कशावर जाणार, हे हसण्यावारी नेऊन चालायचे नाही.

ज्यांनी ही कोर्टे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सरकारी पैशातून ती बांधली गेली, पहिली दोन-तीन वर्षे पोरे खेळली, मग एका पावसाळ्यात लाकडी जमीन फुगली. आज ती सरी-वरंब्यासारखी दिसते. भिंतींचे पोपडे निघालेत. एका कोर्टात मांडवाचे बांबू आणि सतरंज्या पडून आहेत. दुरुस्तीचे जे अंदाजपत्रक आले आहे त्यात परदेशी लाकडाची नवी जमीन आहे आणि मागच्या बाजूस काचेची भिंत आहे. आकडा येथे छापत नाही, सभेच्या अहवालात येईलच. तो वाचून बसलेल्यांनी उठू नये, एवढेच म्हणतो.

मागील महिन्यात मुंबईचे काम आटोपून परत येताना आम्ही मुद्दाम खोपोलीस उतरलो. त्याला दोन कारणे होती. एक म्हणजे, खालापूर तालुक्यातच कलोते गावी ऋत्विक भट्टाचार्य या माजी राष्ट्रीय विजेत्याने स्क्वॉशची शाळा काढली आहे, आणि आसपासच्या खेड्यांतली मुले तेथे हा खेळ शिकतात, असे ऐकून होतो. दुसरे कारण पावसाचे. बोरघाटाच्या पायथ्याशी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर साठवलेले हेच पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी 1915 साली खोपोलीला वीज तयार केली आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. एवढ्या ओलीत माणसे भिंती कशा राखतात, हे पाहावे असे मनात होते. आपल्याकडचा पाऊस त्यामानाने शिंतोडेच!

कलोत्याला गेलो तेव्हा मुलांचा खेळ चालू होता, म्हणून मध्ये बोललो नाही, नुसते पाहत उभे राहिलो. चार भिंतींच्या आत दोन पोरे, हातात रॅकेट, आणि लिंबापेक्षा लहान असा रबरी चेंडू. पाळीपाळीने तो समोरच्या भिंतीवर मारायचा. बाजूच्या भिंतींना लागून गेला तरी चालतो, पण समोरच्या भिंतीच्या तळाशी जो पत्रा असतो त्याला लागला की गुण गेला. पत्रा असा वाजतो की पंचाची गरजच नाही. अकरा गुणांचा डाव, पाचांतले तीन जिंकायचे. पाच मिनिटांत पोरांच्या अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आमच्यापैकी एकजण जुने तालमीतले. ते म्हणाले, "ह्यो काय साहेबी खेळ न्हाई, ह्यात दम लागतोय."

साहेबी खेळ, हा आक्षेप आपल्या सभेतही आला होता, आणि तो अगदीच खोटा नाही. इंग्लंडातल्या हॅरो शाळेत हा खेळ निघाला, इंग्रजांनी तो आपल्या छावण्यांत आणि क्लबांत आणला. पण नाव कोणी काढले? पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचा हाशिम खान हा अशाच एका क्लबात चेंडू आणून देणारा पोरगा. त्या कोर्टाला छप्पर नव्हते. साहेब दुपारी झोपले की हा अनवाणी पायाने एकटाच खेळे. 1944 साली मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा त्याने जिंकली आणि 1951 पासून ब्रिटिश ओपन सात वेळा. पहिल्यांदा जिंकला तेव्हा वय पस्तिशीच्या घरात होते! मुंबईचाच अब्दुल बारी 1950 साली त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. 2023 साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला हरवून भारताच्या पुरुष संघाने सुवर्णपदक आणले, त्या संघात मुंबईचा महेश माणगावकर होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली असता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश घेण्याचे ठरले. तेव्हा खेळ कोणाचा, हा प्रश्न आता सोडून द्यावा.

खरी शिदोरी मात्र आम्हाला खोपोलीच्या बाजारात मिळाली. वडापाव खात उभे होतो. शेजारी एक म्हातारे गवंडी काका होते. आयुष्यभर कारखान्यांच्या शेडांची कामे केलेली. आम्ही फुगलेल्या फळ्यांचे रडगाणे गायले. काकांनी चहाचा कप खाली ठेवला नि विचारले, "ओल कुठनं येते ते बघितलंत का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अंदाजपत्रक करणाऱ्याने पाहिले नव्हते, आम्हीही नाही.

काका म्हणाले, "भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद लावा. चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा, दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतून, भिंतीकडनं आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या अंगानं आले तर ते हवेतलं. दोन्हीला औषध वेगळं. आमच्याकडं पावसाळ्यात काडेपेटी पेटत नाही दादा, पण घरं उभी आहेतच की."

गावी परतल्यावर आम्ही चार ठिकाणी कागद लावले. तिसऱ्या दिवशी पाहिले तर पश्चिमेच्या भिंतीवरच्या दोन्ही कागदांच्या आतून पाणी. बाहेर जाऊन वर मान केली तर छपराची पन्हळ सांध्यात तुटलेली, आणि गेल्या कित्येक पावसाळ्यांचे पाणी थेट भिंतीवर. पायथ्याशी माती चढून जोत्याच्या वर आलेली, निचरा बंद. उसाच्या शेतात पाणी तुंबले तर मुळ्या कुजतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. येथे फळ्या कुजल्या इतकेच. अशा जागी परदेशी लाकूड टाकले असते तर पुढच्या गणपतीपर्यंत तेही फुगले असते, आणि मग सभेत कोणी हसले नसते.

हवेतल्या ओलीची गोष्ट साखरेच्या गोदामासारखी आहे. आपले गोदामवाले पावसाळी हवेत दारे लावून घेतात, कोरडे ऊन पडले की उघडतात, पोती कधी भिंतीला टेकवत नाहीत. कोर्टालाही हेच हवे. खेळणाऱ्याचा घाम आणि श्वास बाहेर जायला वर पंखा पाहिजे, नाहीतर थंड भिंतीला घाम सुटतो, आणि ओल्या भिंतीवर चेंडू घसरतो, ओल्या फळीवर पाय. फळ्यांच्या खाली हवा खेळली पाहिजे आणि भिंतीपाशी थोडी फट सोडली पाहिजे. आपल्याकडे फळ्या भिंतीला घट्ट भिडवल्या होत्या. फुगल्यावर त्यांना वर उचलण्यावाचून जागाच नव्हती. शिवाय कोणी हौसेने त्यावर चकचकीत पॉलिश मारले होते. कोर्टाची फळी कोरीच ठेवायची असते, म्हणजे बूट धरतो. भिंतीला मात्र कडक, गुळगुळीत गिलावा लागतो, घरचा ऑइलपेंट नव्हे.

मापे बदलण्याचे काहीच कारण नाही, ती बरोबर आहेत. लांबी 9.75 मीटर, रुंदी 6.4 मीटर, म्हणजे आपल्या बोलीत बत्तीस फूट बाय एकवीस फूट. पुढच्या भिंतीची वरची रेघ पंधरा फुटांवर, मागची सात फुटांवर. तळाचा पत्रा एकोणीस इंच. काचेची भिंत ही प्रेक्षक बसविण्यासाठी असते. आपल्याकडे आज प्रेक्षक म्हणजे वॉचमन, आणि तोही पाठ करून बसतो.

एक गोष्ट खर्चाची नाही, पण तिच्यावाचून सगळा खर्च वाया. किल्ली कोणाकडे? आम्ही कोर्ट पाहायला गेलो तेव्हा किल्ली ज्याच्याकडे होती तो लग्नाला गेलेला. दुसऱ्या दिवशी तो आला तर किल्ली घरी. मुलींच्या शाळेच्या बाईंनी सांगितले की त्यांनी दोनदा विचारून नाद सोडला. ठरावीक वेळ फळ्यावर लिहिलेली असावी, त्यातला एक तास मुलींचा असावा, आणि त्या वेळी दार उघडे असावे. नवख्या मुलांना मंद चेंडू देऊ नये. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू हा तयार खेळाडूंचा. तो तापल्याशिवाय उसळत नाही आणि लहान पोरांकडून तापत नाही. पोर दोन दिवसांत कंटाळते आणि आपण म्हणतो, आमच्या पोरांना आवड नाही.

येत्या सभेत हा विषय पुन्हा येत आहे. आमचे म्हणणे इतकेच की, अंदाजपत्रक आहे तसे मंजूर करू नये आणि फेटाळूही नये. यंदा पन्हळ, पायथ्याची माती, निचरा आणि गिलावा एवढेच करावे. एक पावसाळा जाऊ द्यावा. गौरी-गणपतीनंतर पुन्हा प्लॅस्टिकचे कागद लावावेत, आणि ते आतून कोरडे निघाले तरच एका कोर्टाच्या फळ्यांचा विषय काढावा. दुसऱ्या कोर्टातले बांबू मात्र उद्याच हलवता येतील, त्याला ठराव लागत नाही.

पन्हळीसाठी गावातल्या दोन पत्रेवाल्यांकडून दर मागविले आहेत. ते शेतकी खात्याच्या कचेरीत पाहावयास ठेवले आहेत.