मुंगळ्यांची कोवळी वसाहत

महाराष्ट्रात घरी पाळायला सर्वांत सोयीची मुंगी म्हणजे काळा मुंगळा, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या पंखवाल्या राण्या आणि नर वारुळातून उडतात. मिलनानंतर नर थोड्याच वेळात मरतो. राणी जमिनीवर उतरते, आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि लपायला फट शोधू लागते. पंख टाकून एकटीच फिरणारी अशी जाडजूड राणी बहुधा फळलेली असते.

तिचे पहिले घर म्हणजे काचेची परीक्षानळी. तळाशी तिसरा हिस्सा पाणी, त्यावर घट्ट दाबलेला कापसाचा बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा. आतला बोळा ओलसर राहावा, पण त्यातून पाणी झिरपता कामा नये. नळीला काळा कागद गुंडाळून ती कपाटात आडवी ठेवायची. यानंतर पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत राणीला काहीही भरवायचे नाही. उडण्याचे मोठे स्नायू आता तिच्या उपयोगाचे नसतात. ते शरीरातच विरघळतात आणि त्यातून व अंगच्या चरबीतून ती अंडी घालते, अळ्यांना तोंडाने भरवते. या काळात सर्वांत मोठा धोका पाळणाऱ्याच्या उत्सुकतेचा असतो. नळी वारंवार हलली, उजेडात आली, तर बिथरलेली राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते. आठवड्यातून एकदा पाहणे पुरेसे आहे.

पुरेशी वाढ झाली की अळ्या स्वतःभोवती फिकट बदामी कोष विणतात. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसतो. ती अळीने आत टाकलेली विष्ठा असते. उष्णतेनुसार अंड्यापासून मुंगीपर्यंत महिना-दीड महिना लागतो. पहिल्या कामकरी मुंग्या लहानखुऱ्या असतात, कारण राणीच्या तुटपुंज्या शिध्यावर वाढलेल्या असतात.

भरवणे इथून सुरू होते. खाण्याचे दोन भाग आहेत. साखरेचे पाणी किंवा पाणी घातलेला मध हे मोठ्या मुंग्यांचे इंधन. अळ्यांच्या वाढीला आणि राणीच्या अंड्यांना प्रथिने लागतात. गोडाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब कागदाच्या कपट्यावर ठेवून तो कपटा नळीच्या तोंडाशी सरकवावा. एखादी मुंगी थेंबाला तोंड लावते आणि कितीतरी वेळ हलत नाही. हळूहळू तिचे पोट फुगते, पाठीवरच्या काळ्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधली फिकट त्वचा दिसू लागते. मग ती आत जाते. दुसरी मुंगी मिशांनी तिचे तोंड चाचपते, तोंडाला तोंड लागते आणि थेंब इकडून तिकडे जातो. गोड साठवणारी पोटातली ही थैली सगळ्या कुटुंबाची असते. म्हणून एकच मुंगी बाहेर येते यात काळजीचे काही नाही. तिच्यामार्फत राणीही जेवते.

प्रथिनांसाठी फळमाशी किंवा झुरळाचा उभा चिरलेला पाय उत्तम. मोठ्या मुंगीच्या कमरेतून घन अन्न जात नाही, ती फक्त रस शोषते; म्हणून अख्ख्या किड्यापेक्षा चिरलेला तुकडा बरा. आठवड्यातून दोनदा, आणि अळ्या असतील त्या प्रमाणात. अळ्या नसताना मांस दिले तर बहुतेक तसेच पडून राहते. उरलेले दुसऱ्या दिवशी काढावेच, नाहीतर बुरशी धरते. औषध फवारलेल्या घरातले झुरळ मात्र कधीही वापरू नये, आणि डास मारायची वाफ किंवा मुंग्यांचा खडू त्या खोलीत नको. किडा आधी उकळत्या पाण्यात बुडवून घेतला तर त्याच्या अंगावरचे बारीक परजीवी नळीत येत नाहीत.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक शत्रू असतो: ओट्यावरच्या बारीक मुंग्या. मधाचा वास लागला की त्या बोळ्याच्या कडेने आत शिरतात आणि कोवळी वसाहत लुटून नेतात. दुधाचे भांडे पाण्याच्या ताटलीत ठेवतात तशी नळी ठेवायची डबी पाण्यात ठेवली की प्रश्न सुटतो.

पाहायचे असेल तेव्हा लाल दिवा वापरावा. इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी काचेच्या घरट्यांत मुंग्या पाळून त्यांना अतिनील किरण जाणवतात हे दाखवले. त्या किरणांपासून मुंग्या आपले कोष दूर नेत. लाल उजेड मात्र त्यांना फारसा जाणवत नाही. लबक यांचे मुंग्यांवरचे पुस्तक १८८२ साली निघाले. त्यांच्याकडची एक राणी सुमारे १५ वर्षे जगली, तेव्हा हे पाळणे किती लांब पल्ल्याचे आहे याचा अंदाज येतो.

हिवाळ्यात अंडी घटतात, खाणेही मंदावते. तेव्हा जबरदस्तीने भरवू नये. नळीतले पाणी संपत आले किंवा बोळा काळा पडला तर नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडावी. जुनीवर उजेड पडू द्यावा, नवी झाकून ठेवावी. मुंग्या आपणहून अळ्या, कोष उचलून नेतात. एखाददुसऱ्या दिवसात, कधी आठवड्यानेही. घाईने झटकून त्यांना बाहेर काढू नये.