विमानतळावरून परत पाठवलं, आता दुसऱ्या देशाचा पीआर मिळेल का?

आपल्या अमळनेरची पोरं शिकून पुण्या-मुंबईमार्गे कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या पीआरची (कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्याची) तयारी करताहेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

अमेरिकेच्या विमानतळावरून परत यावं लागलं, म्हणून कॅनडाचं दार आपोआप बंद होत नाही. प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. खरा धोका लपवण्यात आहे.

🔹 कॅनडाच्या अर्जात थेट विचारतात: कुठल्याही देशाने व्हिसा किंवा प्रवेश नाकारला होता का? खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं तर ५ वर्षं बंदी.
🔹 ऑस्ट्रेलियात खोट्या माहितीसाठी साधारण ३ वर्षं, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत नकार.
🔹 अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड एकमेकांकडे बोटांचे ठसे पडताळतात. पासपोर्ट नवा काढला तरी ठसे तेच!
🔹 अमेरिकेने 'एक्स्पेडायटेड रिमूव्हल'चा (तातडीने परत पाठवण्याचा) आदेश काढला, की तुम्ही स्वतःहून प्रवेशाची विनंती मागे घेतली, यात मोठा फरक आहे. तेव्हाचे कागद नीट वाचा, जपून ठेवा.

म्हणून अर्जातल्या नकाराच्या प्रश्नाला 'हो' लिहा, तारीख आणि कारण सांगा, कागद जोडा. एजंट 'नाही' भरू म्हणाला तरी ऐकू नका. अर्ज तुमच्या नावाचा, जबाबदारीही तुमचीच.