पाटल्या मोडण्याआधी...

परवा संकष्टीला चंद्राची वाट बघत आम्ही गच्चीत बसलो होतो. शेजारच्या वहिनींनी पदराआडून एक कागद काढला. क्लासचं पत्रक. 'सहा महिन्यांत आयटीत हमखास नोकरी!' फी एक लाख साठ हजार.

"ताई, पोरीनं बी.एस्सी. कॉम्प्युटर केलंय. इंजिनिअर न्हाई, मग आयटीत कोण घेणार तिला? पाटल्या मोडून फी भरावी म्हणतोय आम्ही."

मी स्वतः बी.ए. पण महिला मंडळात अशा आया नेहमी भेटतात, म्हणून चार जाणत्यांना विचारून ठेवलंय. आयटीत फक्त इंजिनिअरच जातात, हा गैरसमज आहे. विप्रो, टीसीएससारख्या कंपन्या बी.एस्सी., बी.सी.ए. झालेल्या मुलामुलींचीही भरती करतात. विप्रोत तर नोकरी करता करता एम.टेक. करता येतं. अटी असतात. दहावी-बारावीपासूनचे टक्के बघतात, काही वर्षं नोकरी न सोडण्याचा करार असतो. पण त्या भरतीसाठी पाटल्या मोडाव्या लागत नाहीत.

आणि नोकरी लागली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असंही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये इन्फोसिसनं म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक शिकाऊ मुलांना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्यामुळं घरी पाठवलं. त्याच वर्षी जुलैत टीसीएसनं सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या हुद्द्यावरचे जास्त. आपल्या कंपन्यांचं बरंचसं काम अमेरिका-युरोपच्या गिऱ्हाइकांचं. त्यांनी हात आखडला की इथलं प्रोजेक्ट संपतं आणि माणूस 'बेंच'वर येतो. 2008 च्या मंदीतही हेच झालं. आता साधं कोडिंग, टेस्टिंग एआयसुद्धा करायला लागलंय. म्हणजे डिग्री कोणतीही असो, दर दोन-चार वर्षांनी नवं शिकावंच लागतं.

माझ्या एका मैत्रिणीचा जावई हिंजवडीत होता. बेचाळिसाव्या वर्षी राजीनामा मागितला गेला. फ्लॅटचा हप्ता चालू, मुलं शाळेत. चार महिने त्यानं सासरी कळू दिलं नाही. लेकीच्या बँकेतल्या पगारावर घर तरलं. मैत्रीण मला म्हणाली, "लग्न ठरवताना पॅकेज विचारलं गं, लेकीची नोकरी मात्र 'हौस' म्हणून सांगितली." हे ऐकून मला गलबलून आलं.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, "क्लासवाल्याला सांगा, 'हमखास' हा शब्द पावतीवर लिहून दे." दुसऱ्या दिवशी मायलेकी जाऊन आल्या. त्यानं म्हणे विषयच बदलला, वर 'आज भरलात तर दहा हजार सूट' म्हणाला! पोरगी आता सरकारच्या 'स्वयम्'वर फुकट शिकते, परीक्षेपुरती फी. कंपन्यांच्या भरतीचे अर्ज स्वतः भरते. अजून नोकरी लागलेली नाही, एका परीक्षेत नापासही झाली. पण पाटल्या कपाटात आहेत.

मैत्रिणींनो, मुलामुलींना आयटीत जरूर पाठवा. फक्त पहिल्या पगारापासून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला शिकवा. आणि नोकरी गेलीच, तर ते घरी सांगायला लाज वाटू नये, एवढं घर मोकळं ठेवा.