परिषदेचं बोलावणं आलं तर

तायांनो, ग्रामसंघात कधीतरी निरोप येतो : "विकासावर मोठी परिषद आहे, बाहेर देशाचे पाहुणे येणार, तुमच्यातल्या दोघी पाठवा." मग सगळ्या एकमेकींकडे पाहतात. आपल्याले इंग्रजी येत नाही, तिथं काय बोलाचं?

तिथं 'सहभागी पद्धती' हा शब्द सारखा कानावर येईल. घाबरू नका. गटबांधणीच्या वेळी देवळासमोर रांगोळीनं गाव काढलं, घराच्या जागी खडे ठेवले, कोणाचं घर कच्चं, कोण एकटी राहते ते ठरवलं, तेच हे. कागदावर त्याला पीआरए म्हणतात. 1988 च्या सुमारास भारतात आणि केनियात ही पद्धत आकाराला आली. इंग्लंडचे रॉबर्ट चेंबर्स यांनी ती जगभर पोचवली. त्यांचं सांगणं एवढंच, की खडू गावकऱ्यांच्या हाती द्या आणि साहेबानं बाजूला बसावं. आपल्या देशात कर्नाटकातल्या मायराडा संस्थेनं ही पद्धत खूप वापरली, आणि बचत गटांची सुरुवातीची घडणही तिच्याच कामात झाली. नाबार्डनं गट बँकेला जोडायला 1992 साली घेतले, ते त्यानंतर. म्हणजे आपला गट आणि हा नकाशा, दोघांचं माहेर एकच!

बोलायला विषय हवा असेल तर हंगामाची दिनदर्शिका सांगा. जमिनीवर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. ज्या महिन्यात हाताला जितकं काम, तितक्या सरक्या ठेवा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणी, तिथं ढीग होतो. पावसाळ्यात निंदणाच्या थोड्या. उन्हाळ्यात चौकोन रिकामे. आता खाली खर्चाचे तुरीचे दाणे ठेवा. जूनमध्ये बियाणं आणि पोरांची शाळा एकदम येते. आणि गटाची किस्त? ती तर बाराही महिने सारखीच. मे-जूनची किस्त का थकते, हे वहीत दिसत नाही, इथं दिसते. मग किस्त हंगामाप्रमाणं लावून मागता येते.

एक मात्र आधी विचारा : नकाशा कोणाकडे राहील? आम्ही एकदा दिवसभर बसून मोठ्या कागदावर गाव काढलं. आलेल्या मंडळींनी कागद गुंडाळून नेला. नंतर पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तेव्हा दाखवायला आमच्याजवळ काहीच नव्हतं. म्हणून निघण्याआधी वहीत नक्कल उतरवा, फोटो कशासाठी ते विचारा, अहवाल मराठीत मागा. बुडालेल्या रोजाचंही बोला, त्यात लाज कसली? पाहुण्यांना तर भत्ता मिळतो.

नकाशा काढताना कोण नव्हतं, तेही तिथं सांगा. वेचणीला गेलेल्या बाया बहुतेक वेळा राहूनच जातात, आणि रांगोळी सचिवताईच्याच हातात राहते. (मी सचिव होती, म्हणून सांगते.)

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. परिषदेहून आल्यावर वहीतली नक्कल त्या सभेत भिंतीवर लावा, आणि राहिलेल्या बायांना त्यांची घरं दाखवायला सांगा.