एकोणीस खोडायचे

ठाण्यातल्या एका हायकू-बैठकीत काकू सहज बोलून गेल्या, ‘‘दिवसाला वीस लिहायचे, एकोणीस खोडायचे.’’ लिहायला शिकवणारे पुष्कळ भेटले. खोडायला शिकवणारं कुणी नाही. म्हणून पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो.

सामग्री एवढीच : पाठकोरे कागद, शिसपेन, चहा. खोडरबर मात्र नाही. खोडलेलं दिसलं पाहिजे, हा काकूंचा नियम.

मी लिहिलं, ‘उदास पाऊस’.

‘‘पावसाला काय झालंय?’’ म्हणत त्यांनी ‘उदास’वर काट मारली. पाठोपाठ ‘एकाकी’ गेलं. ‘आठवण’ जाताना मी जरा कुरकुरलो. उरली नुसती ओली खिडकी, आणि खरं सांगतो, तीच कुठेतरी लागली.

बैठकीतले बरेच हायकू आधीच गळा काढून बसलेले असतात. पान गळतंच, पक्षी एकटाच. जपानी हायकूकार बाशोच्या कवितेतली ‘साबी’, म्हणजे जुनेपणाची, एकटेपणाची ती निवांत छटा, अशी विशेषणांनी येत नाही. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला. अक्षरं मोजणारे त्यानंतर खूप झाले, शब्द गाळणारे थोडे.

स्वयंपाकघरातून घोसाळ्याच्या भज्यांचा वास येत होता. गॅलरीत वेल होता. ‘‘शिकीमुळे लावला,’’ काकू म्हणाल्या. जपानी हायकूकार मासाओका शिकी तोक्योत मणक्याच्या क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला. समोर घोसाळ्याचा मांडव. त्या वेलाचं पाणी कफावर औषध म्हणून घेत. १९०२च्या सप्टेंबरमध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यानं शेवटचे तीन हायकू लिहिले. तिन्हींत घोसाळं. वय ३४. मरणाच्या दारात माणूस भाजीकडे बघतो, आणि आपण ‘उदास’ लिहून मोकळे होतो!

भजी गरम होती. मी चार खाल्ली. काकूंनी एकही घेतलं नाही. त्यांचं खोडणं चालू होतं. अंधार पडला तेव्हा कागद माझ्याकडे सरकवला. मी काटा मोजल्या. एकोणीस. खाली विसावा :

घोसाळं जून झालं
वेलीवरच;
भजी कुणी मागितली नाहीत

‘‘पण आत्ताच तर तळलीत,’’ मी म्हणालो.

‘‘ती तुमच्यासाठी. तुम्ही कुठे मागितली होतीत?’’ असं म्हणत त्यांनी रिकामी बशी उचलली.