जुन्या गाडीचे टायर: ताकद, घाट आणि पाऊस

जुनी गाडी नव्याने उभी करताना इंजिन, रंग आणि क्रोमवर आधी खर्च होतो. टायरची पाळी बहुधा शेवटी येते. पण गाडीची ताकद, ब्रेक आणि स्टिअरिंग या तिन्ही गोष्टी रस्त्यापर्यंत पोचतात त्या टायरमधूनच. त्यामुळे नाशिकसारख्या शहरात, जिथून एका दिशेला कसारा घाट आहे आणि दुसऱ्या दिशेला त्र्यंबकेश्वरचा धो-धो पाऊस, तिथे जुन्या गाडीसाठी टायर निवडणे हा दिसण्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

जुन्या दमदार गाड्यांच्या शौकिनांमध्ये अलीकडे ‘ड्रॅग रेडियल’ या टायरचे नाव ऐकू येते. हा टायर मुळात अमेरिकेतला. तिथे 1964 साली पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आली आणि मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-8 इंजिन बसवण्याची चाल रूढ झाली. जीटीओचे इंजिन 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे होते. या गाड्यांनाच मसल कार म्हणतात. त्यांची अडचण एकच होती: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची चाके जागेवरच फिरत. इंजिनाच्या जोराला टायरची पकड पुरत नसे. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 402 मीटरच्या सरळ ‘ड्रॅग’ शर्यतीत ही उणीव वेळ खाई. शर्यतीसाठी गुळगुळीत ‘स्लिक’ टायर होते, पण ते रस्त्यावर चालवायला परवानगी नव्हती. 1990 च्या दशकात साधा टायर आणि स्लिक या दोहोंच्या मधला टायर बाजारात आला, तो ड्रॅग रेडियल.

ड्रॅग रेडियल पकड कशी देतो

या टायरचे रबर नेहमीपेक्षा बरेच मऊ असते. थोडे तापले की ते चिकट होते आणि डांबराच्या खडबडीत पृष्ठभागात रुतते. टायरच्या बाजू लवचीक असतात. गाडी सुटते तेव्हा त्या दुमडतात, झटका सोसतात आणि जमिनीला टेकलेला पट्टा लांबवतात. शर्यतीच्या वेळी मागच्या चाकांतली हवा पंधरा-वीस पौंडांपर्यंत उतरवतात, ती याच कारणासाठी.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली झिजण्यात. अमेरिकेत मोटारीच्या बहुतेक टायरवर झिजेचा तुलनात्मक आकडा छापलेला असतो. प्रमाण मानलेल्या टायरला 100 धरतात. रोजच्या वापराच्या टायरवर तो 300 ते 500 च्या घरात असतो, तर काही ड्रॅग रेडियलवर चक्क शून्य. दुसरी किंमत पावसात. खाचा थोड्या आणि उथळ असल्याने पाण्याला निघून जायला वाट मिळत नाही. टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी होतात.

हे तरंगणे हवेच्या दाबावरही अवलंबून असते. विमानांच्या चाकांवर नासाने केलेल्या संशोधनातून एक ठोकताळा मिळतो. त्यानुसार साचलेल्या पाण्यावर खाचा निरुपयोगी झालेला, 30 पौंड हवेचा टायर ताशी 91 किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. तीच हवा 18 पौंड असेल तर ताशी 71 किलोमीटरलाच. घोटीच्या पुढे महामार्गावर हा वेग कुठलीही साधी गाडी सहज गाठते.

आपल्याकडच्या गाड्यांना ड्रॅग रेडियलची गरज किती

महाराष्ट्रात रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्या वेगळ्या घडणीच्या आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी, हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, महिंद्राच्या जुन्या जीप आणि देशी मसल कार म्हणून ओळखली जाणारी कॉन्टेसा, या त्यांतल्या ठळक. ब्रिटिश व्हॉक्सहॉल गाडीवर बेतलेली कॉन्टेसा 1984 पासून 2002 पर्यंत बनली. लांब बॉनेट, रुंद अंग आणि मागच्या चाकांना जोर ही लक्षणे अमेरिकी मसल कारशी जुळतात, इंजिन मात्र नाही. सुरुवातीला तिच्यात अ‍ॅम्बेसेडरचे 1489 सीसीचे इंजिन होते, पुढे इसुझूचे 1817 सीसीचे आले. दोन्हींची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आतच. एवढ्या जोराला चांगला साधा रेडियल सहज पुरतो. ड्रॅग रेडियलची पकड कामी येण्याइतका जोर मागच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. हाती राहतो तो फक्त झिजेचा खर्च आणि पावसाचा धोका. मोठे इंजिन बसवलेल्या किंवा टर्बो जोडलेल्या गाडीचे गणित वेगळे. तिच्यासाठीही ड्रॅग रेडियल हे शर्यतीच्या दिवशी चढवायचे आणि नंतर उतरवून ठेवायचे टायर आहेत.

कायद्याची बाजूही आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि जून 2020 पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली आली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे उत्पादकाने नमूद केलेल्या रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत. 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू झाली. ती घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज नव्हे. म्हणून रोज चालणाऱ्या जुन्या गाडीला नेहमीच्या गाडीचे सगळे नियम लागू होतात.

नायलॉन की रेडियल

जुन्या गाडीच्या मालकापुढे प्रत्यक्षात उभा राहणारा प्रश्न ‘नायलॉन की रेडियल’ हा आहे. या गाड्या कारखान्यातून क्रॉसप्लाय टायर घेऊन निघत. बोलीत त्यांना नायलॉन टायर म्हणतात. त्यांच्यात दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. पद्मिनीचा 5.20-14, अ‍ॅम्बेसेडरचा 5.90-15 आणि जीपचा 6.00-16 ही मापे त्या काळची. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. मिशेलिन कंपनीने 1946 साली या रचनेचे पेटंट घेतले. भारतात जेके टायरने 1977 साली मोटारींसाठी रेडियल आणले.

रेडियलची बाजू वाकते, पण नक्षीचा पट्टा जमिनीवर सपाट राहतो. त्यामुळे वळणावर पकड टिकते, टायर कमी तापतो आणि जास्त चालतो. नायलॉनची भिंत जाड असते. दगडगोट्यांत ती मार सोसते, म्हणून शेतरस्त्यावरच्या जीपला ती अजून उपयोगी पडते. डांबरी रस्त्यावर मात्र रेडियलच सरस. एक नियम कटाक्षाने पाळावा: एकाच अ‍ॅक्सलवर दोन प्रकार मिसळू नयेत. एकाच वळणावर दोन वेगळ्या रीतींनी वागणारे टायर गाडी घसरवतात. शक्यतो चारही चाके एकाच प्रकारची असावीत.

माप काढण्याची रीत

रेडियलवर 165/80 आर14 असे लिहिलेले असते. 165 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 80 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 80 इतकी बाजूची उंची आणि 14 म्हणजे रिमचे इंच. 165 चे 80 टक्के 132 मिलिमीटर. वर-खाली मिळून 264. त्यात 14 इंचांचे 355.6 मिळवले की टायरचा पूर्ण व्यास सुमारे 620 मिलिमीटर भरतो. त्याजागी 175/70 आर14 घातला तर व्यास 601 होतो, म्हणजे तीन टक्क्यांनी कमी. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा खरा वेग साडेसत्त्याहत्तरच्या आसपास असेल. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवणे इष्ट. त्याहून मोठा टायर मडगार्डला घासतो, लहान टायर इंजिनाला उगाच जास्त फिरवतो.

रुंदीचा मोह आवरावा. जुने रिम अरुंद असतात. त्यांवर रुंद टायर ताणून बसवला तर बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, नीट धरत नाही, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचे चाक पार्किंगमध्ये वळेनासे होते. अनेक जुन्या रिमना बीड रोखून धरणारा उंचवटाही नसतो. अशा रिमवर ट्यूबलेस टायरही ट्यूब घालूनच वापरावा, आणि ट्यूब रेडियलसाठी योग्य असलेलीच घ्यावी.

मापानंतर येणारा आकडा भाराचा. 82 म्हणजे एका टायरवर 475 किलो, म्हणजे चार टायरवर 1,900 किलो. गाडीचे वजन, प्रवासी आणि सामान त्यात बसले पाहिजे. शेवटचे अक्षर वेगाचे: एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी 190, एच 210.

वय आणि ऋतू

जुन्या गाड्या कमी चालतात, म्हणून त्यांचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. नाशिकचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीचे रबर कडक होते, बाजूंना बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसत असली तरी असा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. बाजूवर चार आकडे असतात: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. खरेदीच्या वेळी हा आकडा वाचावा. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर टायर बदलावा.

मोटारीसाठी नक्षीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. गोटा झालेला टायर त्याच्याही खाली गेलेला असतो. पण इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरकडच्या पावसात तीन मिलिमीटरच्या खाली उतरलेला टायरही भरवशाचा राहत नाही. निफाड, दिंडोरीच्या बाजूला शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरची काळी माती डांबरावर पडते; पहिल्या सरीत ती साबणासारखी निसरडी होते. म्हणून खोल, सरळ आडव्या-उभ्या खाचांचा, ओल्या रस्त्यावर पकड देणारा टायर इथे सर्वांत शहाणपणाचा. मे महिन्याच्या अखेरीस टायर तपासावेत, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. गाडी थंड असताना कंपनीने सांगितलेली हवा भरावी, आणि रेडियल बसवले असतील तर त्या टायरला योग्य असलेला दाब विचारून घ्यावा.

गाडीच्या मूळ मापाच्या जवळचा, ताज्या तारखेचा, भाराला पुरेसा आणि पावसात रस्ता धरणारा रेडियल हीच जुन्या गाडीसाठी योग्य निवड. ड्रॅग रेडियलची जागा शर्यतीच्या मार्गावर, कोरड्या दिवशी.